‘कॅन्सरचा जनुकांशी संबंध नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक लांबलचक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅन्सर हा जनुकांचा आजार नाहीच, तो पेशीच्या चयापचयाचा, मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा) आजार आहे. ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलं आणि त्याबद्दल त्यांना 1931 चं नोबेल मिळालं. कॅन्सर पेशीचं केंद्रक निरोगी पेशीत घातलं तर कॅन्सर होत नाही. नव्वद-पंच्याण्णव टक्के रुग्णांना तो वारशाने आलेला नसतो. ‘कॅन्सरची’ म्हणून सांगितली जाणारी म्युटेशन्स (जनुकांतले बदल) धडधाकट माणसांतही सापडतात. म्हणून गाठीची जीन टेस्ट म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा. साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल.

लिहिणारा अगदीच अडाणी नाही. यातली दोन-तीन वाक्यं सुटी घेतली तर खरी आहेत, आणि मेसेज पचतो तो त्यांच्यामुळेच.

नोबेलचा मुद्दा आधी उरकून टाकू. वॉरबर्ग यांना 1931 चा पुरस्कार मिळाला तो पेशीच्या श्वसनातल्या एन्झाइमचं स्वरूप आणि काम उलगडल्याबद्दल. पुरस्काराच्या मानपत्रात कॅन्सरच्या कारणाचा उल्लेख नाही. त्यांचं कॅन्सरविषयीचं निरीक्षण मात्र खरंच होतं: ऑक्सिजन हाताशी असूनही अनेक गाठींतल्या पेशी ग्लुकोज भराभर खातात आणि त्याचं लॅक्टेट करून टाकतात. आजचा पेट स्कॅन (ग्लुकोज कुठे जास्त खाल्लं जातंय ते दाखवणारा) याच सवयीवर चालतो. चुकला तो त्यांनी काढलेला निष्कर्ष, की मायटोकाँड्रिया बिघडतात आणि त्यातून कॅन्सर उद्भवतो. बहुतेक गाठींतले मायटोकाँड्रिया व्यवस्थित काम करत असतात. मग ग्लुकोजची ही हाव कुठून येते? उत्तर पुन्हा जनुकांपाशीच येतं. पेशीला वाढीचा इशारा देणारं केरास हे जनुक बिघडलं की पेशी ग्लुकोज आत घेणारी प्रथिनं वाढवते, आणि मिक हे जनुक बेलगाम झालं की साखर मोडणारी एन्झाइम्स जास्त बनू लागतात.

केंद्रकाच्या प्रयोगाचं म्हणणं ऐकायला सर्वांत भारी वाटतं, त्यामुळे तिथे थोडं थांबू. युक्तिवाद असा: जनुकं केंद्रकात असतात; कॅन्सर पेशीचं केंद्रक काढून निरोगी बीजांडात बसवलं तर सुरुवातीची वाढ नीट होते; सबब दोष केंद्रकात नाही. वाढ होते हे खरं आहे. पण मेसेज तिथेच थांबतो आणि प्रयोग पुढे जातो. 2004 मध्ये उंदरांच्या मेलॅनोमाची (त्वचेच्या एका कॅन्सरची) केंद्रकं बीजांडांत बसवून, त्यांतून मूळपेशी तयार करून, त्या पेशी अंगात असलेले उंदीर वाढवण्यात आले. त्या पेशींपासून बऱ्याच प्रकारच्या ऊती नीट बनल्या. मात्र त्या उंदरांना कॅन्सर झाला, आणि तो मूळ उंदरांपेक्षा लवकर, जास्त प्रमाणात आणि जास्त ठिकाणी झाला. मायटोकाँड्रिया आणि पेशीद्रव निरोगी बीजांडाचे, आणि कॅन्सर आला तो केंद्रकासोबत. मेसेजने आपल्या बाजूने उभा केलेला साक्षीदार पूर्ण ऐकला तर विरुद्ध साक्ष देतो.

उंदरांचं सोडा. माणसांतला पुरावा हवा असेल तर तोही आहे, आणि तो मुद्दाम कुणी करू धजणार नाही असा आहे. पॅरिसमध्ये 1999 पासून एका उपचाराची चाचणी सुरू झाली. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या अस्थिमज्जेतल्या पेशींत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने, त्यांना नसलेलं एक जनुक घालायचं. उपचार लागू पडला, मुलांत प्रतिकारशक्ती आली. आणि सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. पहिली घटना 2002 मध्ये समोर आली. तपासात दिसलं, की विषाणू नेमका एलएमओ2 नावाच्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसला होता आणि त्याने ते चालू करून ठेवलं होतं. मुलांचा आहार बदलला नव्हता, मायटोकाँड्रियाला कुणी हात लावला नव्हता. डीएनएतली एक जागा बदलली होती. हेही सांगायला हवं, की ल्युकेमिया होईपर्यंत त्या पेशींत आणखी काही बदल साचले होते. एका जनुकाने सुरुवात होते, सहसा एकाने भागत नाही.

आता वारशाचा मुद्दा. साधारण 5 ते 10 टक्के कॅन्सर जन्मतः मिळालेल्या एखाद्या बदलामुळे होतात, म्हणजे मेसेजमधला आकडा बरोबर आहे. पण त्यावरून काढलेला अर्थ चूक. बाकीच्या नव्वद टक्क्यांत जनुकं बदलतातच. फक्त ती आयुष्यात, एखाद्या अवयवाच्या पेशीत बदलतात आणि मुलांकडे जात नाहीत. त्यात ‘जीवनशैली विरुद्ध जनुकं’ असा सामनाच नाही. तंबाखूच्या धुरातलं बेंझोपायरीन डीएनएला चिकटतं आणि विशिष्ट ठिकाणी त्यातल्या ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ बसवतं. फुप्फुसाच्या गाठीचा डीएनए वाचला की धूम्रपानाचा हा ठसा तिथे दिसतो. उन्हातल्या अतिनील किरणांचा ठसा वेगळा. साठवणीच्या धान्यावर येणाऱ्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृताच्या गाठीत टीपी53 या रखवालदार जनुकाच्या 249 व्या जागेवर बोट ठेवतं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा एचपीव्ही विषाणू तर जनुकात फेरबदल करायचेही कष्ट घेत नाही. त्याची ई6 आणि ई7 ही प्रथिनं टीपी53 आणि आरबी या दोन जनुकांनी बनवलेली रखवालदार प्रथिनं निकामी करतात. सिगारेट, ऊन, विषाणू ही कारणं आहेतच. ती ज्या वाटेने गाठीपर्यंत पोचतात, ती वाट या जनुकांतून जाते.

धडधाकट माणसांतही ही म्युटेशन्स सापडतात, हा मेसेजमधला सर्वांत चांगला मुद्दा. अंगावरच्या साध्या तिळांपैकी बहुतेकांत बीआरएएफ या जनुकाचं तेच म्युटेशन असतं, जे सुमारे निम्म्या मेलॅनोमांत सापडतं. तरी तीळ आयुष्यभर तीळच राहतात, कारण तशा पेशी थोडा काळ वाढून स्वतःहून थांबतात. ती थांबण्याची यंत्रणाही दुसऱ्या जनुकांच्या हातात असते, आणि तीही मोडली तरच पुढचा धोका. 2018 मध्ये निरोगी अन्ननलिकांची तपासणी झाली तेव्हा मध्यम वयापर्यंत अस्तराचा निम्म्याहून जास्त भाग बदललेल्या पेशींनी व्यापलेला दिसला. त्यात नॉच1 या जनुकातले बदल अन्ननलिकेच्या कॅन्सरपेक्षाही निरोगी अस्तरात जास्त होते! टीपी53 चं मात्र उलटं: निरोगी अस्तरात कमी, आणि अन्ननलिकेच्या नेहमीच्या, स्क्वॅमस प्रकारच्या कॅन्सरमध्ये जवळजवळ सगळीकडे. म्हणजे कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांच्या यादीतलं प्रत्येक नाव सारखंच घातक नसतं. कोणतं जनुक, कोणत्या अवयवात, कोणाच्या जोडीला, यावर सगळं अवलंबून. अडीच हजारांहून जास्त गाठींचे संपूर्ण जीनोम तपासणारं मोठं काम 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात एका गाठीत सरासरी चार-पाच ड्रायव्हर (म्हणजे कॅन्सरला पुढे रेटणारी) म्युटेशन्स मिळाली, आणि सुमारे 5 टक्के गाठींत ओळखीचं एकही मिळालं नाही. चित्र अजून पुरं झालेलं नाही हे मान्य. पण पंच्याण्णव टक्के जागी सापडणारी गोष्ट ‘संबंधच नाही’ म्हणून मोडीत काढता येत नाही.

खरा घोळ टेस्टच्या मुद्द्यावर आहे, कारण त्यावर विसंबून कुणी तपासणी टाळली तर नुकसान थेट होतं.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात 9 आणि 22 या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं. त्याचं प्रथिन अडवणारं इमॅटिनिब 2001 मध्ये मंजूर झालं. त्याच्या मोठ्या चाचणीत हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे 83 टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. मला त्याहून बोलका वाटतो तो औषध निकामी ठरलेल्या रुग्णांचा अभ्यास. त्यांच्यापैकी अनेकांत त्याच एबीएलमध्ये नवा बदल झालेला होता, असा की औषध तिथे बसूच नये. उदाहरणार्थ प्रथिनाच्या 315 व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन. ते जनुक कॅन्सरच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचं असतं, तर औषध चुकवण्यासाठी पेशींना नेमकं तेच बदलायची गरज काय होती? पुढे पोनॅटिनिब आलं, ते या बदललेल्या प्रथिनावरही चालतं.

फुप्फुसाच्या कॅन्सरमधली 2009 ची एक चाचणी तर प्रत्येक फॉरवर्डखाली चिकटवावी अशी आहे. गेफिटिनिब (ईजीएफआर या जनुकाचं प्रथिन अडवणारं औषध) की केमोथेरपी, असा सामना होता. ईजीएफआरमध्ये म्युटेशन असलेल्यांत गेफिटिनिबने सुमारे 71 टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या, केमोने 47 टक्के. म्युटेशन नसलेल्यांत हेच आकडे गेफिटिनिबसाठी 1 टक्का आणि केमोसाठी 23 टक्के. औषध तेच. टेस्ट न करता दिलं तर म्युटेशन नसलेल्यांच्या हातून महत्त्वाचे महिने निसटतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये टेस्ट ‘देऊ नका’ सांगायलाच जास्त उपयोगी पडते: केरास बदललेलं असेल तर सेटुक्सिमॅब या औषधाचा फायदा होत नाही, आणि असे रुग्ण चाळीस टक्क्यांच्या घरात आहेत. धंदाच करायचा असता तर ही टेस्ट कुणी काढली नसती.

पुढे काय होणार याचा अंदाजही या जनुकांवरून बांधतात, आणि तो अंदाज उपचाराने पालटू शकतो. स्तनाच्या ज्या गाठींत हर-2 या जनुकाच्या प्रती जास्त असतात त्या लवकर उलटतात, हे 1987 मध्ये दिसलं. 1998 मध्ये हर-2 ला अडवणारं ट्रास्टुझुमॅब मंजूर झालं, आणि 2005 पर्यंत कळलं की शस्त्रक्रियेनंतर ते दिल्यास गाठ परतण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं.

टेस्टवाल्यांची बाजू घेताना डोळे मिटायची गरज नाही. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये असतो, आणि त्यात कॅन्सरच्या पेशी मोजक्याच असतील तर असलेलं म्युटेशनही निसटतं. रिपोर्टात पाचपन्नास जनुकांची नावं येतात, त्यांतली काही ‘अर्थ अनिश्चित’ या शेऱ्यासह. त्यांवर उपचार ठरत नाही. अनेकांना जुळणारं औषधच नसतं. जुळलं तरी पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये काही काळाने प्रतिकार उभा राहतो. कुठल्या आजारात, कुठल्या टप्प्यावर कोणती जनुकं तपासायची हे ठरलेलं असतं. सरसकट शेकडो जनुकांचं पॅनेल गळ्यात मारलं जात असेल तर ‘यातल्या कुठल्या निकालाने माझा उपचार बदलेल?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

राहिली साखर. ती पूर्ण तोडून गाठ उपाशी मरत नाही, कारण यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं आणि गाठीला ग्लुटामिन, मेदाम्लंही चालतात. उपचारांदरम्यान वजन आणि स्नायू घटले की केमो सोसत नाही, हा तोटा मात्र पक्का.

आणि चयापचयाचंच म्हणाल तर मेंदूच्या काही गाठींत आयडीएच हे चयापचयातलंच एन्झाइम बिघडलेलं असतं. ते एक भलतंच रसायन बनवू लागतं आणि त्याने पेशीची परिपक्वता अडते. हा बिघाड त्या एन्झाइमच्या जनुकातल्या एका अक्षराचा. गंमत म्हणजे, असा बदल असलेले रुग्ण तो नसलेल्यांपेक्षा जास्त जगतात, त्यामुळे गाठीचं नाव ठरवतानाच आता आयडीएच पाहतात. त्या एन्झाइमला अडवणारं व्होरासिडेनिब अमेरिकेत 2024 मध्ये अशा मंद वाढणाऱ्या गाठींसाठी मंजूर झालं. चयापचयावर नेम धरणारं हे औषधही आयडीएचची जीन टेस्ट झाल्याशिवाय लिहिता येत नाही.