अमेरिकेत गाईड डॉग घेऊन विमानात बसताय? मग एवढं कराच

तुम्हाला दिसत नाही हे पुरेसं नाहीये हो, ते कागदावर दिसायला हवं. त्यामुळे आधी सरकारी फॉर्म भरा, कुत्र्याची तब्येत, वागणूक, ट्रेनिंग सगळं स्वतःच्या सहीने लिहून द्या, खोटं निघालं तर फेडरल गुन्हा. थेट मुंबईला निघाला असाल तर फ्लाइट आठ तासांच्या वरची, म्हणजे अजून एक फॉर्म मागू शकतात. त्यात हमी द्यायची की कुत्रा विमानात शी-सू करणार नाही, किंवा केलीच तर घाण न होता करेल. पुढच्या रांगेतल्या चौथा पेग मागणाऱ्या काकांना असला फॉर्म नसतो, उगाच विचारू नका.

हे सगळं का, तर 2021 च्या जानेवारीपर्यंत इमोशनल सपोर्टच्या, म्हणजे मनाला आधार हवा या नावाखाली लोक वाट्टेल ते प्राणी आणायचे. 2018 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क एअरपोर्टवर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या. मोरावर बसून जायचं सोडून मोराला विमानात बसवायला निघाल्या! मोराला काही चढू दिलं नाही, फॉर्म मात्र तुमच्या गळ्यात पडले.

आता ऑनलाइन एक 'रजिस्टर्ड सर्व्हिस डॉग' (म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा) लिहिलेलं कार्ड आणि लाल जॅकेट मागवा. सरकारचं असलं कुठलंही रजिस्टर नाहीये, कार्डाला काडीची किंमत नाही, पण तुमच्या कुत्र्याच्या ट्रेनिंगपेक्षा गेटवरच्या माणसाला सोनेरी शिक्का पटकन कळतो. शेजाऱ्याचा भुंकणारा पॉमेरेनियन तसलंच जॅकेट घालून ऐटीत आत जाईल, तुम्ही मागे उभे राहून "कुत्रा नक्की काय काम करतो?" याचं उत्तर द्या. विचारायचा हक्क आहे त्यांना. हातात हार्नेस, डोळ्यांना काळा चष्मा, तरी नीट सांगा, चिडू नका.

सीटवर बसलात की अख्खा लॅब्रॅडॉर घडी घालून पायाशी ठेवा, शेपटी पॅसेजमध्ये गेली तर ट्रॉली फिरते. शेजारचे "किती गोड!" म्हणत त्याला चिप्स भरवतील, तुमच्याशी मात्र एक शब्द बोलणार नाहीत.

एअरपोर्टवर कुत्र्यांसाठी खास जागा असते बरं का, खोटं गवत, कधीकधी प्लास्टिकचा लाल फायर हायड्रंट, म्हणजे रस्त्याकडेचा आग विझवायचा नळसुद्धा. बऱ्याचदा टर्मिनलच्या पार दुसऱ्या टोकाला. तुम्हीच शोधायची. कनेक्शन पन्नास मिनिटांचं असेल तर कुत्र्याला सांगा, बाबा रे दम धर, मी लिहून दिलंय.