जपानचा मोठा पास: एका फिरत्या मेसेजला उत्तर

आमच्या बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज सारखा फिरतोय. त्यातला मजकूर असा: ‘जपानला निघालात? डोळे झाकून सात दिवसांचा जपान रेल्वे पास घ्या. टोकियो–क्योटो एकदा जाऊन आलात की पैसे वसूल. पास असला की सगळ्या गाड्या फुकट. प्रादेशिक पासच्या नादी लागू नका, त्यावर बुलेट ट्रेन चालत नाही. पास भारतातूनच घ्या, तिथे मिळत नाही. सामान कितीही न्या, गाडीत भरपूर जागा असते.’

रावपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या मावशी हा मेसेज घेऊनच माझ्याकडे आल्या. काकांच्या फंडातून राखून ठेवलेल्या पैशांवर त्या, काका, मुलगा आणि सून असे चौघे जपानला जाणार आहेत. “अगं, आज पैसे भरून टाकते, तू फक्त एकदा बघ,” म्हणाल्या. मी 2024 मध्ये आईबाबांना घेऊन तिकडे जाऊन आले होते. मेसेज वाचला आणि म्हटलं, मावशी, आज नका भरू. बसा, हिशेब करू.

मेसेजमधलं पैसे वसूल होण्याचं वाक्य एके काळी खरं होतं, म्हणूनच ते आजही लोकांना पटतं. सप्टेंबर 2023 पर्यंत सात दिवसांचा साधा पास 29,650 येनला मिळायचा. टोकियो ते क्योटो शिन्कान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं भाडं साधारण 14,000 येन, म्हणजे जाऊन-येऊन 28,000. वर एखादा छोटा प्रवास केला की पास सुटायचा. मग ऑक्टोबर 2023 मध्ये तोच पास एका फटक्यात 50,000 येनचा झाला. चौदा दिवसांचा 47,250 वरून 80,000 वर गेला. पासची किंमत अशी उडी मारून गेली, पण साध्या तिकिटाचं भाडं होतं तिथेच राहिलं. आता टोकियो–हिरोशिमा जाऊन आलात तरी 39,000 च्या आसपासच होतात. मेसेज लिहिणाऱ्याने जुना हिशेब तसाच पुढे ढकललाय, आणि त्यावर विसंबून कुणाच्या फंडाचे पैसे जाणार असतील तर मला गप्प बसवत नाही.

मावशींचा बेत असा होता: टोकियोत उतरायचं, तीन दिवस तिथे, मग क्योटो, ओसाका, एक दिवस हिरोशिमा आणि मियाजिमा, आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परत. जेवणाच्या टेबलावरच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. टोकियो–क्योटो साधं तिकीट, 14,000. पुढे पाच दिवसांचा प्रादेशिक कान्साई–हिरोशिमा पास (कान्साई म्हणजे क्योटो–ओसाकाचा भाग), 2023 च्या दरवाढीनंतर 17,000. माणशी 31,000. मोठ्या, म्हणजे मेसेजमधल्या सात दिवसांच्या पासचे माणशी 50,000. चौघांचा फरक 76,000 येन. येन 60 पैशांच्या आसपास धरला तर 45,000 रुपयांहून जास्त. काकांनी चष्मा पुसून तो आकडा पुन्हा वाचला. विमान टोकियोहूनच परत असतं तरी क्योटो–टोकियोचे 14,000 वाढून 45,000 झाले असते, म्हणजे तरीही कमीच.

मोठा पास सगळ्यांनाच तोट्याचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एका आठवड्यात टोकियोहून हिरोशिमा करून परत, आणि त्यातच उत्तरेला सेंदाईची फेरी असेल, तर साध्या तिकिटांचे 60,000 च्या वर जातात. तिथे मोठाच पास घ्यावा. पण आईवडिलांना घेऊन असं धावायचं का, हा प्रश्न आधी विचारावा.

‘सगळ्या गाड्या फुकट’ हे तर मोठा पास घेणाऱ्यांनाच अडचणीत आणणारं वाक्य आहे. पास चालतो तो जेआर, म्हणजे जपान रेल्वे, गटाच्या गाड्यांवर. टोकियो मेट्रो, ओसाका मेट्रो, हांक्यू, किंतेत्सू यांसारख्या खासगी रेल्वे, क्योटोच्या शहर बस, यांचे पैसे वेगळे पडतात. त्यासाठी सुइका किंवा इकोका कार्ड जवळ ठेवायचं आणि त्यात पैसे भरत राहायचे. टोकियो–ओसाका मार्गावर सगळ्यात जास्त धावणारी आणि सगळ्यात वेगवान गाडी म्हणजे नोझोमी. मोठा पास दाखवून तिच्यात बसायचं तर टोकियो–क्योटोसाठी वर 4,960 येन मोजावे लागतात. त्याच मार्गावरच्या हिकारी गाडीत बसलात तर जादा काही नाही, फक्त वेळ थोडा जास्त जातो.

आता प्रादेशिक पासबद्दल. हा गैरसमज कुठून आला ते मला कळतं. कान्साई एरिया पास नावाचा छोटा पास आहे, त्यावर शिन्कान्सेन खरंच चालत नाही. पण त्याची मोठी भावंडं आहेत. कान्साई वाइड पासवर शिन-ओसाका ते ओकायामा, आणि कान्साई–हिरोशिमा पासवर शिन-ओसाका ते थेट हिरोशिमा शिन्कान्सेन चालते. त्या पट्ट्यात नोझोमीसुद्धा, जादा पैसे न देता. शिन-ओसाका–हिरोशिमा जाऊन-येऊन साध्या तिकिटाचेच 21,000 च्या आसपास होतात, म्हणजे एका दिवसात पास सुटला. वाटेत हिमेजीचा किल्ला आहे. मियाजिमाची जेआरची फेरीबोट त्याच पासवर मिळते, बेटावर जाण्याचा 100 येन कर तेवढा वेगळा. परतताना विमानतळावर नेणारी हारुका गाडीही त्यातच येते.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा, कारण मी तिथेच अडले होते. क्योटो स्टेशनवर आईबाबांना घेऊन मी सरळ शिन्कान्सेनच्या फाटकाकडे गेले. कान्साई–हिरोशिमा पास आत सरकवला आणि फाटक बंद झालं. आईने माझ्याकडे पाहिलं, मागे रांग लागलेली. खिडकीतल्या तरुणाने नकाशा काढला, क्योटो आणि शिन-ओसाकामधल्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग आम्ही साध्या मार्गावरच्या शिनकाइसोकू गाडीने अर्ध्या तासाच्या आत शिन-ओसाकाला पोचलो आणि तिथून नोझोमी पकडली. पासवर हा सगळा प्रवास चालला.

असं का, ते बडोदेकरांना सांगायला सोपं आहे. 1987 मध्ये जपानची सरकारी रेल्वे मोडून प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या झाल्या. टोकियो ते शिन-ओसाकाची शिन्कान्सेन एका कंपनीची, तिथून पुढची दुसरीची. आपल्याकडे नव्हतं का, डभोईकडे जाणारी गाडी गायकवाडांच्या संस्थानी रेल्वेची आणि मुंबईला जाणारी बीबीसीआयची, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची? रूळ एकमेकांना भेटतात, पण मालक वेगळा. प्रादेशिक पास हा त्या-त्या कंपनीचा पास आहे. ही हद्द कळली की कुठला पास कुठे चालेल ते आपोआप कळतं. लालबागच्या रेल्वे अकादमीच्या आवारात आता हायस्पीड रेल्वेचं प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्या शहरातून शिन्कान्सेनच्या धर्तीवरचा मार्ग बांधला जातोय. अशा गावातल्या लोकांनी तरी या गाड्यांची माहिती शिळ्या मेसेजवरून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पाच दिवस म्हणजे सलग पाच तारखा, हेही मावशींना दोनदा सांगितलं. दिवस मध्यरात्री बदलतो. संध्याकाळी पास सुरू केला की तो अख्खा दिवस गेला. क्योटोत पोचलेल्या दिवशी पास सुरू करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी करा, आणि विमानतळाचा दिवस पाचवा येईल असं बसवा.

‘भारतातूनच घ्या’ हेही खरं नाही. हे पास ऑनलाइन घेता येतात, अगदी जपानमध्ये पोचल्यावरसुद्धा. पर्यटक म्हणून अल्प मुदतीच्या मुक्कामासाठी आल्याची नोंद पासपोर्टवर हवी, एवढंच.

राहिलं सामान. मे 2020 पासून टोकियो–ओसाका–हिरोशिमा मार्गावरच्या शिन्कान्सेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटीमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी मागच्या रांगेतली ठराविक जागा आधी आरक्षित करावी लागते. त्याचे जादा पैसे नाहीत, पण आरक्षण न करता बॅग आणली तर 1,000 येन दंड. मावशींनी घरून मोठी निळी बॅग आणवली, लीला चिवडा आणि थेपले तिच्यातच जायचे होते. टेप धरली, 166 भरली. मुलाने तिथेच फोन काढला आणि टोकियो–क्योटोच्या तिकिटाबरोबर मागची रांग कशी निवडायची ते बघायला लागला.