‘घरबसल्या पैसे मिळतात’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

सोयाबीन-कापसाच्या अनुदानावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: ‘शेतकऱ्यांना घरबसल्या पैसे मिळतात, तरी रडगाणं संपत नाही. कर आम्ही भरायचा आणि अनुदान यांनी लाटायचं. बीडला गायरानावर पीकविमे उतरवले, त्यावर लिहा की. आणि बंगलेवाल्यांनाही हप्ता मिळतो, त्याचं काय?’

साहेब, मतभेदाला माझी हरकत नाही. पण ‘रडगाणं’, ‘लाटायचं’ ही काय बोलायची रीत झाली? माझ्या आईसमोर बसून तुम्ही हे बोलला असता का?

बंगलेवाल्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. आयकर भरणारे वगळलेत, तरी गावात बऱ्यापैकी बागायत असलेल्यांच्या खात्यावर पीएम किसानचे दोन हजार जमा होतात. ते थांबायला हवं.

आता ‘घरबसल्या’. आमची जमीन औसा तालुक्यात, कोरडवाहू. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आई, दोन चुलते आणि आत्या अशी नावं आहेत. २०२३च्या खरिपातलं सोयाबीन ४,६०० रुपये हमीभावाच्या खाली उतरलं, म्हणून सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरपर्यंत. पैसे पडायला सुरुवात झाली २०२४च्या सप्टेंबरअखेर. मधे दुसरी पेरणी उरकून ते पीक काढणीला आलं होतं.

त्यासाठी ई-पीक पाहणीत नोंद हवी. म्हणजे बांधावर जाऊन मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा. आमच्या शिवारात रेंज नाही. चुलतभाऊ फोन उंच धरून विहिरीच्या कठड्यावर उभा राहायचा. खातं सामायिक, म्हणून बाकीच्यांचं ना हरकत पत्र लागलं. आत्या सोलापूरला. तिची सही आणायला माणूस पाठवला, तेव्हा कुठे कृषी सहायकांनी कागद घेतले.

पीएम किसानच्या केवायसीला तर आईच्या अंगठ्याचा ठसाच उमटेना. जन्मभर खुरपं धरून रेषा झिजल्यात. केंद्रावरच्या पोरानं ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसून बघितलं. यंत्र नाहीच म्हणालं. उन्हात रांगेत थांबलेली ती बाई ‘माझंच काहीतरी चुकत असंल’ म्हणत परत आली. हिला तुम्ही लाटणारी म्हणता? मी त्याच घरात वाढलोय, सोयाबीनच्या मळणीत उभा राहिलोय. तुमचा शेतीशी संबंध काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि एवढं करून येतं किती? एका हप्त्याचे २,००० रुपये. डीएपी खताचं एक पोतं १,३५० ला येतं. दुसरं घ्यायला पदरचे घालावे लागतात.

कराचं म्हणाल, तर कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी आमचीही माणसं भरतात. बीडच्या बोगस विम्यांचं म्हणाल, तर ज्यांनी ते केलं त्यांना खुशाल धरा. एक रुपयात पीकविम्याची योजना २०२५ मध्ये बंद झाली, आता खरिपाच्या सोयाबीनला विम्याचा दोन टक्के हप्ता प्रामाणिक शेतकरीच भरतोय. माझा लेख विम्यावर नव्हताच. लेख नीट वाचला असता तर हे विचारलंच नसतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा आकड्यांवर बोला, उत्तर देईन. शेतकऱ्याला शिव्या घालणार असाल तर इथे लिहू नका.