सकाळी नऊचा एकच खेळ

दादाचा ठाण्याहून फोन आला की पहिली पाच मिनिटं आईच्या गुडघ्यांची, पुढची दोन पावसाची आणि उरलेला सगळा वेळ मराठीच्या गळचेपीचा. परवाही तेच. एका मराठी सिनेमाला जायचं म्हणून त्याने ॲप उघडलं, तर घराजवळच्या थिएटरात सकाळी नऊचा एकच खेळ. "सकाळी नऊला सिनेमा कोण बघतं गं? दूधवाला?" मग गाडी जुलै २०२५वर गेली. 'ये रे ये रे पैसा ३' आणि 'सैयारा' एकाच शुक्रवारी लागले, मराठीचे खेळ भराभर उतरवले गेले, मनसेने मल्टिप्लेक्सवाल्यांना इशारे दिले, वगैरे. शेवटी नेहमीचं वाक्य आलं. "तुमच्याकडे टोरोंटोत बरं आहे. निम्मे कार्यक्रम कॅनडाचेच दाखवायचे असा कायदाच आहे म्हणे. आपल्याकडे करेल का कोणी?"

आहे, नियम आहे. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि जेवता जेवता टीव्ही लावला. रात्रीचे साडेआठ. सीटीव्हीवर अमेरिकन मालिका, ग्लोबलवर अमेरिकन मालिका, सिटीटीव्हीवरही अमेरिकन मालिका. तिन्ही चॅनेलं कॅनडाची, तिघांचे मालक कॅनडाचे आणि नियम कुणीच मोडलेला नाही. हे कसं जमतं ते मला इथे येऊन बरीच वर्षं कळलं नव्हतं. कळल्यापासून दादाशी नीट भांडता येत नाही.

सीआरटीसी ही इथली प्रसारणावर देखरेख ठेवणारी संस्था. खाजगी चॅनेलांनी संध्याकाळी सहा ते अकरा या वेळात निम्मे कार्यक्रम कॅनडाचे दाखवायचे, असा तिचा दंडक. २०१५ साली दिवसभराच्या कोट्यातून तिने चॅनेलांना मोकळं केलं, पण संध्याकाळचा ठेवला. आता हिशेब बघा. सहाच्या बातम्या कॅनडाच्याच. त्यानंतर मनोरंजन विश्वाच्या गप्पांचा कार्यक्रम. हॉलिवूडच्या नटनट्यांची लग्नं आणि घटस्फोट टोरोंटोच्या स्टुडिओतून वाचून दाखवले की तेही कॅनडाचे होतात. अशी बेरीज करत गेलं की आठ ते अकराचा मलईचा भाग बऱ्यापैकी मोकळा उरतो.

कॅनडाचा कार्यक्रम म्हणजे काय, याचंही गुणपत्रक आहे. वर्षानुवर्षं चालत आलेल्या हिशेबात एकूण गुण दहा. दिग्दर्शकाचे दोन, लेखकाचे दोन, मुख्य नटाचा एक, संगीतकाराचा एक, असं करत किमान सहा मिळाले की नाटक-मालिका पास. निर्माता मात्र कॅनेडियनच हवा, आणि खर्चाचा मोठा वाटाही इथल्याच माणसांवर झालेला हवा. गोष्ट कुठली, याला गुण नाहीत. 'लॉ अँड ऑर्डर'चा अमेरिकन साचा उचलून टोरोंटोत तशीच मालिका काढली आणि २०२४ साली सिटीटीव्हीवर आणली, तीही कॅनेडियनच. बरी आहे ती, मी बघते. निदान ओळखीचे रस्ते दिसतात.

पण खरी मेख वेळापत्रकात आहे. टोरोंटोत सरोवरापलीकडच्या बफेलो शहराची अमेरिकन चॅनेलं केबलवर सर्रास दिसतात. समजा, एक मालिका बफेलोच्या चॅनेलवर गुरुवारी रात्री नऊला लागते. इथल्या चॅनेलने तिचे कॅनडापुरते हक्क विकत घेतले आणि तीही गुरुवारी नऊलाच लावली, तर त्याच्या मागणीवरून केबलवाल्याने अमेरिकन चॅनेलच्या जागीही इथल्या चॅनेलचंच चित्र सोडायचं, जाहिरातींसकट. रिमोटवर बटण दाबा बफेलोचं, दिसणार टोरोंटोच. याला इथे सिमसब म्हणतात. १९७२पासून चालू आहे. हेतू चांगला होता. इथल्या जाहिरातींचा पैसा सीमेपलीकडे जाऊ नये आणि त्यातून इथल्या चॅनेलांनी इथले कार्यक्रम काढावेत.

झालं असं की ही अदलाबदल वेळ जुळली तरच होते. म्हणून मे महिन्यात न्यूयॉर्कला अमेरिकन चॅनेलं आपला पुढचा मोसम जाहीर करतात, मग इथले खरेदीदार लॉस एंजेलिसला जाऊन मालिका बघतात, हक्क घेतात, आणि जूनच्या सुमाराला टोरोंटोत झगमगाटात 'आमचा नवा मोसम' जाहीर होतो. तोवर मोक्याचे तास न्यूयॉर्कमध्येच ठरलेले असतात. तिकडे मालिका मंगळवारवरून बुधवारवर गेली की इकडेही जाते आणि बुधवारी तिथे बसलेली कॅनेडियन मालिका उठते. कुठे? जिथे जागा उरेल तिथे. शुक्रवारी, नाहीतर उन्हाळ्यात, जेव्हा अमेरिकन मालिका सुट्टीवर असतात आणि प्रेक्षक तळ्याकाठी.

म्हणजे सकाळी नऊचा एकच खेळ. फक्त इथे तो बंद दाराआड, सभ्यपणे दिला जातो.

आमच्या बाल्कनीत मी तीस-चाळीस डॉलरचा एक अँटेना लावलाय. हवा स्वच्छ असली की सरोवरापलीकडून बफेलो थेट येतं, कुणाच्या अदलाबदलीशिवाय. अपघात झालाय? आम्हाला फोन करा, असं ओरडणारे तिथले वकील, जुन्या गाड्यांचे विक्रेते. नवरा म्हणतो, या बाईने जाहिराती बघायला अँटेना घेतला. पण फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या रात्री याच अँटेनामुळे आमच्याकडे गर्दी होते, कारण ज्या जाहिरातींची दुसऱ्या दिवशी ऑफिसात चर्चा, त्या केबलवर दिसतच नाहीत. तिथे इथल्या बँका आणि इथली कॉफी. लोकांच्या तक्रारी एवढ्या होत्या की सीआरटीसीने २०१७पासून त्या एका सामन्यापुरती अदलाबदल बंद केली होती. हक्क घेतलेली बेल कंपनी आणि अमेरिकन फुटबॉल लीग कोर्टात गेली, आणि डिसेंबर २०१९मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने तो निर्णय रद्द केला. तीन वर्षं काय ती मजा. त्यानंतर आमचा अँटेना परत महत्त्वाचा झाला.

आता महाराष्ट्राकडे. २०१५ साली सरकारने जाहीर केलं की मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला, संध्याकाळी सहा ते नऊ, दाखवायचा. गदारोळ झाला आणि काही दिवसांत ते सहा ते नऊ ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ केलं. बारा वाजता प्राइम टाइम! त्या दिवशी मी इथे बसून भरपूर हसले होते. नंतर सीआरटीसीचे सहा ते अकरा आठवले आणि हसू आवरलं. ज्याच्या हातात घड्याळ आहे त्याला तुम्ही नऊ तासांची मुभा दिलीत, तर त्यातला सगळ्यात मरतुकडा तास तो शोधणारच. थिएटरवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. वीज, भाडं, पगार त्याच्या माथी, आणि रिकाम्या खुर्च्याही. मी तरी साडेआठला काय बघत होते? अमेरिकन मालिकाच.

माझं दादाशी भांडण इथे आहे. दोन्हीकडे सरकार पैसे देतं ते बनवणाऱ्याला. महाराष्ट्रात मराठी सिनेमाला अनुदान, इथे कॅनेडियन मालिकांना निधी. २०२३च्या ऑनलाइन स्ट्रीमिंग कायद्यानंतर सीआरटीसीने मोठ्या परदेशी ओटीटींकडे कॅनडातल्या उत्पन्नाचे पाच टक्के मागितले. कंपन्या कोर्टात गेल्या, पण मागणं तेच: निर्मितीसाठी पैसा. सिनेमा तयार होतो, मालिका तयार होते. ती बघायची वेळ मात्र कुणी विकत घेत नाही. ती फुकटात, दुसऱ्याच्या गल्ल्यातून मिळावी अशी अपेक्षा असते. त्यासाठी तिकडे इशारे आणि फुटलेल्या काचा, इकडे नियमावली आणि वकील.

भाचा म्हणतो, मावशी, वेळ वगैरे जुन्या गोष्टी, आता कोण साडेआठची वाट बघतं? बरोबर आहे. पण ॲप उघडल्यावर पहिल्या ओळीत कोण बसतं, हा आता साडेआठचाच प्रश्न आहे. इथल्या कायद्यात कॅनेडियन कार्यक्रम लोकांना सहज सापडले पाहिजेत असं म्हटलंय, आणि संसदेत सगळ्यात जास्त धुरळा त्यावरूनच उडाला. यूट्यूबवर पोट असलेली कॅनेडियन पोरंच सर्वात जोरात ओरडत होती की आमच्या व्हिडिओंच्या क्रमात सरकारने हात घालू नये. आपल्याकडे मराठी ओटीटीची चर्चा अजून 'मराठीत काही बनवा' इथेच थांबते. बनवलेलं सातव्या ओळीत जातं त्याचं काय?

वेळ मिळाली की काय होतं, ते मी लहानपणी पाहिलंय. मुंबई दूरदर्शन, सुरुवात २ ऑक्टोबर १९७२ची. म्हणजे सिमसबच्याच वयाचं. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. आमच्या चाळीत टीव्ही दोन घरांत. शनिवारी आमच्या खोलीत शेजारच्या गुजराती काकू, वरच्या मजल्यावरचं तमिळ कुटुंब आणि त्यांची तीन मुलं असे सगळे मराठी सिनेमाला हजर. कुणाला सक्ती नव्हती. दुसरं काही लागतच नव्हतं हे खरं, पण काकू पुढे केबल आल्यावरही मराठी नाटकांच्या कॅसेटी मागून न्यायच्या. चटक शनिवारने लावली होती.

इथे तसं काम सीबीसी करतं. सरकारी पैशावर चालणारं चॅनेल, वर्षाला साधारण १.४ अब्ज डॉलर. त्याची संध्याकाळ जवळपास पूर्ण कॅनडाची असते, कारण अमेरिकन मालिकेची वेळ जुळवायचा मोहच त्याला नाही. विरोधी पक्षाचे पियेर पॉलिएव्ह सभांमधून सीबीसीचा पैसा बंद करण्याचं आश्वासन देतात आणि टाळ्या घेतात. सीबीसी काही धुतल्या तांदळाचं नाही. १९५२पासून शनिवारची रात्र म्हणजे सीबीसीवरचं हॉकी, बर्फावरचं. पण २०१३ साली रॉजर्स कंपनीने एनएचएल या हॉकी लीगचे बारा वर्षांचे देशभरातले हक्क ५.२ अब्ज डॉलरला उचलले. सीबीसीकडे तेवढे पैसे नव्हते. तोडगा निघाला तो असा: शनिवारचा सामना सीबीसीवर दिसेल, हक्कांचे पैसे सीबीसीने द्यायचे नाहीत, पण जाहिरातींचं उत्पन्न रॉजर्सचं. दुकान सीबीसीचं, गल्ला रॉजर्सचा. २०२६-२७पासून रॉजर्सचा पुढच्या बारा वर्षांचा करार आहे ११ अब्जांचा. आयपीएलच्या पाच वर्षांच्या ४८,३९० कोटींवर तोंडात बोटं घालणाऱ्यांनी इथेही एकदा बघावं.

पण याच सीबीसीने २००८ साली एक गंमत केली. हॉकीचं पंजाबी समालोचन. कुठल्या कोट्यात बसत नव्हतं, कुणी मोर्चाही काढला नव्हता. हरनारायण सिंग नावाचा कॅल्गरीचा तरुण सुरुवातीला शनिवारी विमानाने टोरोंटोला यायचा आणि परत जायचा. जोरकस फटक्याला 'चपेड शॉट'. २०१६च्या अंतिम फेरीत त्याने गोल मारणाऱ्या खेळाडूच्या नावाचा 'बोनिनो, बोनिनो, बोनिनो' असा जो सूर लावला तो पंजाबीचा गंध नसलेल्यांनीही लाखोंनी ऐकला. सीबीसीवरून हे समालोचन ओम्नी या बहुभाषिक चॅनेलवर गेलं. ओम्नी प्रत्येक केबल ग्राहकाच्या मूळ पॅकेजात सक्तीने असतं आणि त्यापोटी दरमहा काही सेंट प्रत्येकाकडून जातात. माझ्याकडूनही. पंजाबीतलं हॉकी मला अर्धंच कळतं, तरी ते सेंट मला टोचत नाहीत. सक्ती आहे, पण किंमत सगळ्यांत वाटून घेतलीय, एकट्या दुकानदाराच्या डोक्यावर मारलेली नाही.

आयपीएलचं मराठी समालोचन २०२३मध्ये जिओसिनेमावर बारा भाषांपैकी एक म्हणून आलं. केदार जाधव त्यात बोलत होता आणि बोलता बोलता बंगळुरूच्या संघात खेळायला निघून गेला. मजा आली. पण ते कंपनीच्या गणितात बसलं म्हणून आलं. उद्या गणित बदललं तर निवेदन देण्यापलीकडे आपल्या हातात काय आहे?

हे सगळं मी दादाला पुढच्या रविवारी सांगितलं. म्हटलं, थिएटरवाल्याकडून तीन तास हिसकावण्यात सगळी ताकद घालवताय, आणि चोवीस तासांचं मराठी चॅनेल सरकारच्या मालकीचं पडून आहे. सह्याद्रीवर दर शनिवारी संध्याकाळी गेल्या दोन-तीन वर्षांतला एक चांगला मराठी सिनेमा, निर्मात्याला रास्त पैसे देऊन. अनुदान द्यायचंच आहे तर त्यातला काही भाग या हक्कांसाठी द्या. एवढी साधी मागणी कुठल्या पक्षाच्या निवेदनात मी वाचलेली नाही. काचा फुटत नाहीत ना त्यात.

दादा बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मागून सेट टॉप बॉक्सच्या रिमोटचे आवाज येत होते, आणि वहिनी काहीतरी विचारत होती.

"अगं," तो म्हणाला, "सह्याद्री कुठल्या नंबरला लागतं?"