एका रेझिस्टरवर बारा एलईडी? नको!

तुम्ही टाकलेली एलईडी आकाशकंदिलाची बाकी कृती झकास, पण तीत ‘बारा एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर पुरतो’ म्हटलंय, ते साफ चुकलंय. (रेझिस्टर म्हणजे करंट मर्यादेत ठेवणारा भाग.) एकाच पाकिटातले एलईडीसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. ज्याला कमी व्होल्टेज लागतं तो जास्त करंट ओढतो, तापतो, तापल्यावर आणखी ओढतो आणि मरतो. मग त्याचा वाटा उरलेल्यांच्या बोकांडी बसतो.

१२ व्होल्टच्या अडॅप्टरवर तीन-तीन पांढरे एलईडी एकामागे एक जोडा. प्रत्येकी ३.२ व्होल्ट धरले तर ९.६ व्होल्ट होतात, उरलेल्या २.४ साठी प्रत्येक माळेला स्वतंत्र १५० ओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर. करंट १६ मिलिअँपिअर, म्हणजे निवांत. आधी अडॅप्टरचं व्होल्टेज मल्टिमीटरवर तपासा. जुने, जड ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर १२ लिहिलेलं असूनही हलक्या लोडवर १६ व्होल्ट दाखवतात, मग याच माळेतून ४० मिलिअँपिअर जातो. फोन चार्जरसारखा हलका एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मर नसलेला, व्होल्टेज स्थिर ठेवणारा अडॅप्टर) घ्या. तो घरातच ठेवा, गॅलरीत फक्त १२ व्होल्टची वायर न्या. आणि सोल्डरच्या जोडांवर सेलोटेप नको (तुमच्या फोटोत दिसतेय!), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवा, दिवाळीतही पाऊस येतोच हल्ली.