आजचा सुविचार कोणावर?

अक्षर चांगलं असणं हा गुन्हा आहे, हे मला वयाच्या ५३व्या वर्षी कळलं. नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये लिफ्टशेजारी एक काळा फळा आहे. ‘काकाजी, तुमचं अक्षर मस्त आहे नं, रोज एक सुविचार लिहीत जा,’ असं सेक्रेटरी म्हणाले आणि मी चहाच्या भरात हो म्हणून बसलो.

होळी आटोपून घरोघरी कूलर निघाले होते. म्हणून पहिल्या दिवशी लिहिलं, ‘पाणी जपून वापरा.’ संध्याकाळी २०२ वाले दारात. ‘हे आमच्यावर लिहिलं का जी? कूलरची टाकी एकदा काय वाहिली, तर डायरेक्ट फळ्यावर?’ मला त्यांच्या टाकीची वार्ताही नव्हती. दुसऱ्या दिवशी ‘गोड बोलावे’ लिहिलं, तर ३०१ मधल्या वहिनींनी बोलणंच टाकलं. आदल्या रात्री त्यांचं नवऱ्याशी वाजलं होतं आणि ते अख्ख्या स्कीमने ऐकलं होतं, मी सोडून. ‘हिशेब चोख ठेवावा’ यावर सेक्रेटरी काहीच बोलले नाहीत. खडू महाग झालेत, एवढंच म्हणाले.

माणसांचं नाव नको म्हणून मी फुलांकडे वळलो. ‘चिखलातच कमळ फुलते.’ साल २०२४, लोकसभेची आचारसंहिता लागलेली, नागपूरचं मतदान १९ एप्रिलला. १०४ वाले भाऊसाहेब फळ्याचा फोटो काढूनच वर आले. ‘प्रचार करून राहिले का?’ मी कमळ पुसून ‘वेळेची किंमत ओळखा’ लिहिलं. त्याला घड्याळाचा वास आला. ‘पाचही बोटं सारखी नसतात’ लिहिलं, तर पंजात फूट पाडली म्हणे. अंधारातल्या मशालीसाठी खडू उचलला आणि माझा मीच खाली ठेवला. निवडणूक आयोगाने चिन्हं वाटताना सुविचार लिहिणाऱ्यांसाठी दोन-चार वस्तू शिल्लक ठेवायला काय हरकत होती? आचाराची संहिता लागली, की पहिला बळी सुविचाराचा.

जिन्याचं प्रकरण तर फळ्याच्याही पलीकडचं. पानठेल्यावर पन्नीत घोटून दिलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात धरायचा आणि तिसऱ्या वळणावर मोकळं व्हायचं, ही आमच्याकडची जुनी चाल. ‘थुंकू नका’ असं लिहून चिकटवलं. त्या कागदावरच थुंकले. वाचल्याची पोच समजायची. मग कमिटीने कोपऱ्यात गणपती, साईबाबा आणि क्रूस अशा टाइल्स लावल्या. आता जरा जवळ जाऊन बघा. टाइलच्या चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जागा सोडून तांबडे ओघळ वळसा घेऊन गेलेले, कोणी बेतून चौकट रंगवावी तसे. टाइलवर थेंब नाही. इतकी श्रद्धा आणि इतका नेम ज्याच्या एकाच तोंडात नांदतो, त्याला मी खडूने काय शिकवणार, बाप्पा?

असं करत करत पोळा आला. दुसऱ्या दिवशी मारबत. नागपूरच्या इतवारी आणि महाल भागांत १८८०च्या दशकापासून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले भलेमोठे पुतळे, मिरवत निघते, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. महागाई असो की भ्रष्टाचार, ज्याचा राग त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत न्यायचा, मग जाळायचा. मला फळ्यावर आडवळणानेही जे झेपत नव्हतं, ते तिथे भररस्त्यात मिरवतात आणि लोक गच्चीत उभं राहून टाळ्या वाजवतात.

त्या वर्षी आमच्या स्कीमच्या पोरांनीही बडग्या केला. पेंढा भरलेला पायजमा (ओळखीचा वाटला; बायकोने दिला होता), डोक्याच्या जागी माठ, कानावर खडू. पाटी कोरीच होती.

‘काकाजी, आमचं अक्षर बेकार आहे. तुम्हीच लिहून द्या नं.’

‘काय लिहू?’

पोरं एकमेकांकडे बघून हसली. एकाने वही पुढे केली. ‘रोज रोज सुवीचार लिहणाऱ्या काकाजीले घेऊन जा गे मारबत.’

मी ‘वि’ ऱ्हस्व केला, ‘लिहिणाऱ्या’ नीट केलं, ‘काकाजीले’ तसंच ठेवलं आणि पाटी रंगवून दिली. ती सुकेपर्यंत २०२ वाले दोनदा येऊन वाचून गेले. कोणावर लिहिलं, हे मात्र या वेळी त्यांनी विचारलं नाही.