रंगाला रंग जुळवून भागत नाही

गणपतीला चाकरमानी घरी आले की माळ्यावरचा जुना टीव्ही गेम खाली येतो. जोडणी अडली की कोणीतरी मोबाइलवरचा तो मेसेज वाचून दाखवतं. कोकणातल्या ग्रुपांवर तो सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पिवळ्यात पिवळी, लालमध्ये लाल, पांढऱ्यात पांढरी पिन लावा, केबल कुठलीही चालते. चित्र काळंपांढरं आलं तर केबल गेली. आवाज एकाच स्पीकरमधून आला तर मशीनचा अर्धा आवाज जळला. समुद्राकाठी सोनेरी पिनांचीच केबल घ्या. आणि एवढं करूनही जमलं नाही तर गेम भंगारात द्या.

त्या शेवटच्या सल्ल्यामुळे मी हे लिहितोय. चांगली चालणारी मशीनं यापायी भंगारवाल्याच्या काट्यावर जातात.

आधी केबलचं बघू. टीव्हीला मागे तीन गोल भोकं (पिवळं चित्राचं, लाल नि पांढरं आवाजाचं) असतील तर रंगाला रंग जुळवणं ठीकच आहे. पण बऱ्याच पातळ टीव्हींना त्याऐवजी ३.५ मिलिमीटरचं एकच भोक असतं आणि तिथे हा सल्ला कोलमडतो. त्या पिनेवर चार भाग असतात: टोक, मधल्या दोन कड्या आणि बूड. चित्र, डावा आवाज, उजवा आवाज आणि ग्राउंड (सगळ्यांची सामाईक परतीची वायर) यांतलं काय कुठे जोडायचं, याचा सगळ्या कंपन्यांनी पाळलेला एक नियमच नाही. काहींचं ग्राउंड बुडाशी असतं, काहींचं त्याच्या वरच्या कडीवर. टीव्हीबरोबर आलेला, एका टोकाला ही पिन नि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची सॉकेटं असलेला केबलचा तुकडा हरवतो, बाजारातून दुसरा येतो, भोकात घट्ट बसतो, रंगही जुळतात. तरी पडद्यावर काही नाही आणि स्पीकरमधून नुसती घरघर.

इथे मल्टिमीटर लागतो. तो कंटिन्युइटीवर ठेवा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप वाजते. एक प्रोब पिवळ्या सॉकेटच्या बाहेरच्या धातूला लावा, दुसरा पिनेच्या चारही भागांवर एकेक करून टेकवा. बीप वाजेल तिथे ग्राउंड. मग पहिला प्रोब पिवळ्याच्या आतल्या संपर्काला लावा. आता वाजेल तिथे चित्र. हे कागदावर लिहून टीव्हीच्या पुस्तिकेतल्या आकृतीशी ताडून पाहा. ग्राउंड जागेवर असेल आणि फक्त चित्र नि आवाज यांची अदलाबदल झाली असेल, तर गेमची पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या सॉकेटात लावली की चित्र येतं. म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या अगदी उलट! ग्राउंडच चुकलं असेल तर मात्र रंग कितीही फिरवा, उपयोग नाही. वेगळी केबल आणा किंवा पिन कापून नवी सोल्डर करून घ्या.

काळ्यापांढऱ्या चित्राचा दोष केबलवर टाकणं तर बहुतेक वेळा साफ चूक असते. आपल्याकडचं जुनं अ‍ॅनालॉग प्रसारण पाल पद्धतीचं होतं, ६२५ रेषांचं. अमेरिकेहून किंवा जपानहून आणलेला गेम एनटीएससीचा, ५२५ रेषांचा. पालमध्ये रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्‌झवर असते, एनटीएससीमध्ये ३.५८ वर. फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीला तो रंग वाचताच येत नाही, म्हणून चित्र येतं पण रंग येत नाही. मेनूत कलर सिस्टीम ‘ऑटो’ करून पाहा. दुसरं कारण त्याहून साधं आहे: काही टीव्हींमध्ये पिवळी पिन कंपोनंटच्या (चित्र तीन वेगळ्या वायरींतून घेणाऱ्या जोडणीच्या) हिरव्या सॉकेटातच लावायची असते. तिथे इनपुट ‘कंपोनंट’वर राहिलं तर रंग जातो, ‘एव्ही’ निवडलं की परत येतो.

आता आवाज. आपल्याकडे घरोघरी असलेले कॅसेटवाले गेम निंटेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. त्या चिपमध्ये आवाजाचे पाच चॅनल आहेत, पण मशीनमधून बाहेर येतात ते एकत्र मिसळून, एकाच वायरीतून. यात काहीही जळलेलं नाही. मशीन मुळातच मोनो, म्हणजे डावा-उजवा असा भेद नसलेल्या एकाच आवाजाचं आहे. पांढरी पिन टीव्हीच्या ‘एल/मोनो’ सॉकेटात लावा, बरेच टीव्ही तोच आवाज दोन्ही स्पीकरना देतात. नाही दिला तर एकाच्या दोन करणारी वाय केबल घ्या. उलटं मात्र करू नका. स्टिरिओ मशीनच्या लाल आणि पांढऱ्या वायरी नुसत्या पिळून एक केल्या तर दोन आउटपुट एकमेकांवर जोर काढतात; दोन्हींत साधारण एक किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मगच जोडा.

सेगाचा पहिला मेगा ड्राइव्ह, १९८८ चा, या मेसेजने सगळ्यात जास्त अन्याय केलेला गेम. त्याच्या मागच्या आठ पिनांच्या सॉकेटातून मोनोच आवाज मिळतो. स्टिरिओ आहे, पण तो पुढच्या हेडफोनच्या भोकात. चित्र मागून घ्या, आवाज पुढून साध्या ३.५ ते दोन आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांच्या) केबलने घ्या आणि शेजारची व्हॉल्यूमची पट्टी वर सरकवा. दोन्ही स्पीकर वेगवेगळे बोलू लागतात. मला आजही तो फरक ऐकताना फार आनंद होतो.

सोनेरी पिनांबद्दल एवढंच, की सोनं गंजत नाही हे खरं, पण तो मुलामा अतिशय पातळ असतो आणि आतली तांब्याची जाळी उघडीच. खाऱ्या हवेत चार पावसाळे काढलेली केबल सोलून बघा, जाळी काळीहिरवी पडलेली दिसेल. लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा आणि नवी पिन सोल्डर करा. सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर घासू नका, असलेला मुलामाही निघतो.

आणि भंगारात देण्याआधी एक करून पाहा. टीव्हीचा आवाज अगदी कमी ठेवा, गेम बंद करून त्याची पिवळी पिन टीव्हीच्या पांढऱ्या सॉकेटात लावा, मग गेम सुरू करा. गेम चालू असताना जोरात गुरगुर ऐकू आली आणि बंद करताच थांबली, तर मशीनमधून चित्राचा सिग्नल बाहेर येतोय. दोष पुढे, टीव्हीत किंवा त्याच्या सेटिंगमध्ये शोधायचा.